पाणक्या

आठ पोरं आहेत माझ्याकडं. एकाचाही घाम मी पाहिलेला नाही.
चढ अठ्ठ्याहत्तर, सपाटी एकसष्ट, दम पंचावन्न,
एवढ्यावरच ओळख.
नावं मात्र माझी. एक नाव बदलायला
खेळ पाच नाणी मागतो. दिली, आठ वेळा.
म्हणून कुठल्याशा परदेशी घाटावर
बर्फाच्या कडेनं, ठळक अक्षरांत:
ओमाणा कंग्राळकर, एकशे बारावा.

झेंड्यांच्या यादीत देश होते, गाव नव्हतं.
मी पोर्तुगालचा घेतला,
गोवा जवळ पडतो म्हणून.

वडगावात रात्री अकरालाही माग चालू असतात.
चार माझे, सोळा पलीकडच्या देवांगांचे,
मधल्या भिंतीलाही आता कंप सुटलाय.
धोटा एकदा सुटला की सुटला,
वाटेत त्याला काही सांगता येत नाही.
शर्यतही तशीच. नऊच्या आत हुकूम भरायचे:
वारा कुणी अंगावर घ्यायचा, आडोशाला कोण,
कितव्या किलोमीटरला कुणी सुटायचं.
मग नुसतं बघायचं.
पायडल मारायची सोय या खेळात नाही.

ओमाणाला मी पाणक्या केलंय.
मागं जायचं, गाडीतून बाटल्या घ्यायच्या,
सदऱ्यात कोंबून पुन्हा पुढं, सगळ्यांना वाटायच्या,
आणि चढ लागला की हळूच गळायचं.
चौतीस वर्षांचा झाला. दर सोमवारी खेळ सांगतो:
याला सोडा, पगार वाचेल.
खरा ओमाणा आमच्याकडं कांड्या भरायचा.
साडीच्या काठात
कांडीवाल्याचं नाव कोण विणतं?

आक्का विचारते, काय करूलाल्यास रे इतक्या रात्री?
पोरांना डोंगर चढवूलालोय.
चढव की. पण तिसऱ्या मागाचा ताणा तुटलाय.

माझा हाडवैरी फिनलंडचा.
तीन हंगाम झाले, एका गुणानं तरी पुढंच.
आमची भाषा म्हणजे मोडकी इंग्रजी:
बॅड लक. युवर क्लाइंबर टू मच स्ट्राँग.

गुरुवारी, शेवटच्या घाटाचे नऊ किलोमीटर उरले
आणि लाइट गेली.
वीस माग एकदम खाली बसले.
इतकं शांत, की आक्काच्या बांगड्या ऐकू आल्या.
पडद्याच्या जागी माझंच तोंड.
पोरं तिकडं चढतच असणार,
दिलेल्या हुकमावर, माझ्याविना,
आणि बहुतेक माझ्याविनाच बरी.

चाळीस मिनिटांनी आली. आमचा पहिला एकतिसावा.
फिनलंडचा निरोप वाट बघत होता:
सॉरी, पॉवर कट. ऑल लूम्स स्टॉप. सो सायलेंट.

दोनदा वाचलं.
फिनलंडात माग असतीलही.
लिहिलं: सेम हिअर.
बराच वेळ तीन टिंबं हलत राहिली.
मग आलं: याव ऊरु?

एवढं कन्नड येतं मला,
बसपुरतं, बाजारापुरतं, बिलापुरतं.
मी मराठीत लिहिलं, वडगाव.
उत्तर आलं नाही.
पलीकडचे सोळा सुरू झाले, मग माझे चार,
आणि काही ऐकायचं म्हटलं तरी सोय उरली नाही.

सकाळी कॅरिअरला साड्यांचा गठ्ठा बांधून
दुसऱ्या गेटाला थांबलो. मालगाडी, संपता संपत नव्हती.
माझ्यासारखेच सातआठ जण,
एक पाय पायडलवर, एक डांबरावर.
मी पोटऱ्या बघत होतो लोकांच्या.
चढ किती, दम किती?
एकानं माझ्याकडं बघितलं,
मी चेनकडं बघितलं. गेट उघडलं.

ओमाणाला सोडलं नाही.
रात्री हुकूम भरताना एक ओळ वाढवली:
दोन बाटल्या फिनलंडला.
असा हुकूम खेळात नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलाय,
तो कोण वाचतं कोण जाणे.